कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवरची धुरकट हवा : वणवा, पाचट की समुद्रापलीकडची धूळ?

प्रकरण मार्चमधलं आहे. कवठेमहांकाळच्या बाजूला बेदाण्याचा सीझन भरात होता, शेडमध्ये रॅकवर माल पडलेला, आणि तेवढ्यात हवा अशी धुरकट झाली की एरवी शेडच्या दारातनं सरळ दिसणारा दंडोबाचा डोंगर दिसायचाच बंद झाला. शेडवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कारण लगेच ठरलं, चांदोलीकडं वणवा लागलाय त्याचा धूर आलाय. कुणीतरी नासाच्या नकाशाचा लाल ठिपक्यांचा स्क्रीनशॉट टाकला, मग तर शंकाच उरली नाही, आणि रात्रीपर्यंत शिराळा भागातल्या एका वाडीचं नाव घेऊन "हेच लोक दरवर्षी डोंगर पेटवतात, ह्यांच्यावर केस करा" इथपर्यंत बोलणं गेलं.

वणवा खरा होता. पण शेडवर आलेली हवा त्या वणव्याची नव्हती. ती कशाची होती हे शोधताना जे जे बघितलं ते क्रमानं लिहितोय, कारण असा प्रसंग आपल्याकडं दर उन्हाळ्यात येतो आणि दर वेळी एकच स्क्रीनशॉट फिरतो.

मी सांगलीत जीआयएसचं काम करतो, म्हणजे नकाशे आणि सॅटेलाइटचा डेटा बघणं हे रोजचंच आहे. मामांचं शेड कवठेमहांकाळच्या पूर्वेला. त्यांचा फोन आला, "आरं तुझ्या त्या सॅटेलाइटवर बघ की जरा, ह्यो धूर कुठनं यायलाय आन किती दिस राहणार. टोळी उद्या यायची हाय, द्राक्षं उतरवू का नको?"

शेडवाल्याला नेमकं काय ठरवायचं असतं

बाहेरच्या माणसाला वाटेल की थोडा धुरळा बसला तर बसला, काय बिघडतं. तर बेदाणा करताना द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचा मेणासारखा थर मोकळा होतो आणि पाणी लवकर उडतं, मग माल जाळीच्या रॅकवर पसरून साधारण दोन आठवडे वाळवतात. पहिले दोन-तीन दिवस मणी ओलसर आणि चिकट असतो, त्या दिवसांत जे काही हवेतनं येईल ते त्याला चिकटतं आणि नंतर झाडणीत सगळं निघत नाही. भाव सगळा रंगावर आणि चकाकीवर, हिरवा स्वच्छ माल आणि डागी माल ह्यांच्या सौद्यातला फरक तासगावच्या मार्केटला गेलेल्या कुणालाही माहिती आहे.

आता उपाय म्हणजे शेडचे बाजूचे पडदे सोडायचे. पण पडदे सोडले की वारा थांबतो, आतली दमट हवा आतच राहते, वाळणं लांबतं आणि माल लालसर पडायला लागतो. म्हणजे पडदे सोडून आठवडाभर बसणं परवडत नाही आणि उघडे ठेवणंही परवडत नाही. त्यामुळं मामांचा प्रश्न अगदी नेमका होता, हे कशाचं आहे, दिवसातल्या कुठल्या वेळी येतंय, आणि कधी जाणार. पाचटाचा, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहिलेल्या वाळल्या पाल्याचा, धूर असेल तर ऊसतोड संपेपर्यंत रोज सकाळी येत राहणार. वणव्याचा असेल तर वणवा विझेपर्यंत. लांबची धूळ असेल तर एक-दोन दिवसात निघून जाणार. तिन्हीला उत्तर वेगळं.

लाल ठिपके काय सांगतात आणि काय नाही

आधी तो स्क्रीनशॉट. नासाच्या फर्म्स नकाशावर जे ठिपके दिसतात ते धुराचे नसतात, उष्णतेचे असतात. सुओमी-एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ ह्या तीन सॅटेलाइटवर व्हिअर्स नावाचं उपकरण आहे, ते जमीन ३७५ मीटरच्या चौकोनात बघतं आणि एखादा चौकोन आजूबाजूपेक्षा बराच गरम लागला की त्याच्या मध्यावर ठिपका टाकतं. टेरा आणि अ‍ॅक्वावरचं जुनं मोडिस हेच काम १ किलोमीटरच्या चौकोनात करतं. म्हणजे ठिपका ज्या घरावर पडला तिथंच आग आहे असं नसतं, चौकोनात कुठंही असू शकते, आणि आगच आहे असंही नसतं, वीटभट्टी किंवा कारखान्याची धुराडी पण कधीकधी तशीच दिसतात. एखादा ठिपका महिनोन्‌महिने जागचा हलत नसेल तर तो वणवा नव्हे हे समजून जावं. ह्या ठिपक्यावरून एखाद्या वाडीचं नाव घेणं म्हणजे फार मोठी उडी आहे, आणि ती उडी माणसांच्या अंगावर पडते.

चांदोलीच्या बाजूचे ठिपके दुपारच्या फेरीतही होते आणि रात्रीच्या फेरीतही, डोंगराच्या एकाच धारेवर, थोडे सरकलेले. म्हणजे गवताचा वणवा पुढं पुढं चाललेला, ह्यात वाद नाही. पण दुपारचं खऱ्या रंगातलं चित्र मोठं करून बघितलं तर त्यातनं निघालेली निळसर राखाडी रेघ आग्नेयेला पन्हाळ्याच्या दिशेनं चाललेली आणि पन्हाळ्याच्या अलीकडंच विरलेली दिसत होती. कवठेमहांकाळ तिथनं सरळ पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर. धूर तिकडं वळलेलाच नव्हता. आणि गवताचा वणवा भडकतो मोठा पण त्याचा धूर जंगलाच्या जाड लाकडाच्या आगीसारखा उंच चढून दिवसेंदिवस टिकत नाही. पश्चिमेला आग दिसली आणि वारा पश्चिमेचा म्हणून धूर तिथलाच, हा अंदाज ऐकायला बरोबर वाटतो, पण आगीपासनं निघालेली रेघ कुठं गेली हे चित्रात दिसत असताना अंदाजाची गरजच काय.

दुसरी गोष्ट ग्रुपवर कुणाच्या लक्षात आली नव्हती ती मला जास्त महत्त्वाची वाटली. कृष्णाकाठचा वाळवा, आष्टा, पलूस हा सगळा उसाचा पट्टा, तोडणी शेवटाला आलेली, आणि तिथं नकाशावर ठिपके जवळपास नव्हतेच. म्हणून एकानं लिहिलं होतं, "बघा, पाचट कोणच पेटवत नाही आता."

इथं घड्याळ बघायला लागतं. व्हिअर्सचे तिन्ही सॅटेलाइट आपल्यावरनं दुपारी दीडच्या आगेमागे आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. पाचट दुपारी दीडला कोण पेटवतं? वारा असतो, शेजारच्याचा ऊस जळायची भीती असते. पाचट पेटवतात दिवस मावळताना, वारा पडला की. एकराचं पाचट थोड्या वेळात भडकून खाली बसतं, रात्री दीडला सॅटेलाइट येतो तेव्हा तिथं फक्त कोमट राख. त्यामुळं ठिपका नाही म्हणजे जाळलं नाही असा अर्थ काढताच येत नाही. आपले इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस हे एकाच जागी थांबून दर अर्ध्या तासाला चित्र देतात, वेळेच्या दृष्टीनं ते सोयीचे, पण त्यांचा उष्णतेचा चौकोन जवळपास ४ किलोमीटरचा, त्यात एकरभर पाचट बुडून जातं. बारीक बघणारा चुकीच्या वेळी येतो आणि सारखा बघणारा बारीक बघत नाही, हे कायम डोक्यात ठेवायचं. सॅटेलाइट किती वाजता वरनं गेला हे माहिती नसताना चित्रावर बोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं

म्हणून सॅटेलाइट बाजूला ठेवून आधी मामांना आणि ग्रुपवरच्या दोघा-तिघांना सांगितलं की दंडोबाच्या दिशेला तोंड करून काढलेले आदल्या दिवसापासनंचे जे फोटो मोबाइलमध्ये असतील ते सगळे पाठवा, चांगले वाईट कसेही चालतील, फक्त वेळ पाहिजे. आणि वास येत होता का ते लिहा.

फोटो वेळेप्रमाणं लावले आणि प्रकरणाला तिथंच फाटा फुटला. सकाळी सात वाजता डोंगर गायब, जळक्या पाचटाचा वास सगळ्यांनाच आलेला, ओढ्याच्या काठानं पांढरट थर अगदी जमिनीलगत. साडेदहा-अकराला डोंगराची कड परत दिसायला लागलेली. आणि दुपारी तीनला परत सगळं गडप, पण आता वास कुणालाच नाही, थर जमिनीलगत नाही तर सगळं आभाळच पिवळट पांढरं, सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघता येईल इतका तो फिकट. दिवसभर एकच धुरकट हवा आहे असं सगळे धरून चालले होते, पण त्या दोन वेगळ्या होत्या आणि मधल्या तासाभरात हवा थोडी उघडली होती.

सकाळचं कारण सोपं आहे. आभाळ निरभ्र असलं की मार्चमध्ये रात्री जमीन पटकन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर मात्र उबदार हवा असते. मग खालची हवा वर जातच नाही, संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर रात्रभर खाली साठतो, पडदे सोडून गंधकाची धुरी दिली की ती शेडमध्येच कोंडून राहते तसा. उन्हं चढली, जमीन तापली की साधारण दहा-अकराला हा थर फुटतो आणि धूर वर पातळ होऊन पसरतो. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आल्यापासनं आमच्या बाजूलाही ऊस झालाय, त्यामुळं हा धूर फक्त कृष्णाकाठचा आहे असंही म्हणायचं कारण नाही, जवळच्या रानातला पण आहे.

दुपारी नेमकं उलटं होतं. दख्खनच्या पठारावर मार्चच्या दुपारी तापलेली हवा दोन-अडीच किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते. अशा वेळी जमिनीजवळचा धूर कमी व्हायला पाहिजे, वाढायला नको. आणि तरी हवा दाट होतेय म्हणजे वर काहीतरी आलेलं होतं आणि ते ढवळून खाली येत होतं. ही एक गोष्ट कळायला कुठलाच सॅटेलाइट लागत नाही, धुरकटपणा उन्हं चढल्यावर घटतो की वाढतो एवढं बघायचं.

एक घोळ अजून होता तो सांगतो. मिरजेत एका मित्राच्या गच्चीवर हवा मोजायचं छोटं लेसरवालं यंत्र आहे, त्याचा आकडा सकाळी चढलेला आणि दुपारी उतरलेला. त्यावरनं ग्रुपवर निरोप गेला की हवा सुधारली, पडदे उघडा. पण ही स्वस्त यंत्रं लेसरच्या उजेडात कण मोजतात, धुराचे बारीक कण त्यांना नीट सापडतात आणि धुळीचे जाडे कण बरेचसे सुटतात. धुरात पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा वाटा मोठा, वाऱ्यानं उडालेल्या धुळीत पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या जाड्या कणांचा. म्हणजे धुळीच्या दुपारी हे यंत्र आकडा कमी दाखवणार आणि तो आकडा शेडवाल्याच्या कामाचाच नाही. बेदाण्यावर बसणारं जाडं असतं.

समुद्रावर बघायचं

आता वर काय आलं होतं ते शोधायचं. इथं बहुतेकजण आपल्याच तालुक्यावरचं चित्र मोठं करून बघतात आणि काहीच दिसत नाही म्हणून सोडून देतात. मार्चमध्ये आपलं रान नांगरलेलं, उघडं, तांबूस तपकिरी, आणि धूळही मातकटच, खऱ्या रंगातल्या चित्रात ती जमिनीवर दिसणारच नाही. ती बघायची असते समुद्रावर, गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर. फक्त तिथंही एक फसवणूक आहे, दुपारच्या चित्रात समुद्रावर सूर्याच्या प्रतिबिंबाचा एक राखाडी पांढरा पट्टा येतो, तो धुळीसारखाच दिसतो. तो पट्टा सॅटेलाइटच्या वाटेला धरून उत्तर-दक्षिण जातो आणि पुढच्या फेरीत जागा बदलतो, धूळ वाऱ्याबरोबर वाहते. दोन सॅटेलाइटची तासाभराच्या अंतरानं काढलेली चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो.

आदल्या दिवशीच्या चित्रात उत्तर अरबी समुद्रावर फिकट मातकट पडदा होता, इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापासनं आग्नेयेला सुटलेला. पण एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून युरोपच्या मेटिओसॅटची रात्रीची चित्रं लावली. हा सॅटेलाइट हिंदी महासागरावर ४५.५ अंश पूर्वेला थांबलेला आहे आणि दर १५ मिनिटाला बघतो. त्याच्या ८.७, १०.८ आणि १२ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या तीन उष्णतेच्या चॅनलमधनं एक रंगीत चित्र बनवतात, त्यात धूळ गुलाबी-जांभळी दिसते. कारण असं की वाळूतली सिलिकेट खनिजं १०.८ जवळची उष्णता १२ पेक्षा जास्त अडवतात आणि ढगातले पाण्याचे-बर्फाचे कण उलटं करतात, त्या फरकावरनं धूळ आणि ढग वेगळे पडतात. उजेड लागत नाही म्हणून रात्री पण चालतं. आणि आपल्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की धुराचे कण इतके बारीक असतात की ह्या उष्णतेच्या चॅनलला ते जवळपास दिसतच नाहीत. म्हणजे ह्या चित्रात गुलाबी दिसलं तर ते धुराचं असणं शक्य नाही.

चित्रं ओळीनं चालवली आणि गुलाबी पंखा मकरान आणि ओमानच्या आखाताच्या तोंडापासनं निघून रात्रभर समुद्रावर आग्नेयेला सरकताना दिसला. पहाटेच्या सुमाराला त्याची कड कोकण किनाऱ्यापासनं फार लांब नव्हती. किनाऱ्याजवळ आल्यावर रंग फिका पडला, त्यावरनं एकानं विचारलं की म्हणजे धूळ तिथंच बसली का. तसं नसतं, किनाऱ्याजवळची हवा दमट, ती वाफ १२ मायक्रॉनची उष्णता जास्त अडवते आणि धुळीची खूण पुसते. धूळ तिथंच असते, चित्राला दिसत नाही एवढंच.

पुढचा दुवा सेंटिनेल-५पी चा. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेला हा युरोपचा सॅटेलाइट, तोही दुपारी दीडच्याच सुमाराला येतो. तो अतिनील किरणांवरनं एक निर्देशांक काढतो, हवेत किरण शोषणारे कण असले की तो चढतो, मग ते धुराचे असोत की धुळीचे. ह्याची खुबी अशी की कण उंचावर असले तरच तो नीट चढतो, जमिनीलगतचा धूर त्याला फारसा कळत नाही. त्या दुपारी समुद्रापासनं रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली असा एक रुंद पट्टा चढलेला होता. म्हणजे थर वरचा. आणि त्याच सॅटेलाइटचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा बघितला तर त्यात त्या पट्ट्याच्या आकाराचं काहीच नव्हतं. जळतं तिथं कार्बन मोनॉक्साइड निघतोच, वाळू उडाली तर निघत नाही. एवढ्या मोठ्या पट्ट्यात धूर असता तर तो तिथं उमटला असता.

शेवटी नोआ ह्या अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या हायस्प्लिट मॉडेलवर कवठेमहांकाळची जागा टाकून हवा उलटी चालवली, तीन उंचीला. दीड आणि तीन किलोमीटर उंचीवरची हवा दोनेक दिवसांपूर्वी उत्तर अरबी समुद्रावर आणि मकरानच्या किनाऱ्याजवळ होती. पाचशे मीटरची मात्र कोकणातनं घाट चढून आलेली. खालच्या उंचीच्या रेघेवर मी जास्त भर दिला नाही, कारण मॉडेलच्या चौकोनात सह्याद्री सपाट होऊन जातो, घाटातनं आणि खिंडीतनं खरं वारं कसं शिरतं ते त्याला कळत नाही. वरच्या दोन रेघा आणि गुलाबी पंखा एकाच ठिकाणी जाऊन मिळत होते, तेवढं मला पुरेसं होतं. थराची उंची नेमकी मोजायची तर लेसरवाला सॅटेलाइट लागतो, कॅलिप्सो २०२३ मध्ये बंद झाला आणि २०२४ च्या मे मध्ये गेलेला अर्थकेअर हे काम करतो पण तो फक्त आपल्या वाटेखालची बारीक रेघ बघतो, ती रेघ त्या दिवशी आपल्यावरनं नव्हती.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. २२ जानेवारी २०२२ ला कराचीवर आलेलं धुळीचं वादळ समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं होतं, गाड्यांवर पांढरी पावडर बसलेली अनेकांना आठवत असेल. मार्च २०१२ मध्ये अरबस्तानातनं उठलेली धूळ अरबी समुद्रभर पसरलेली नासाच्या चित्रांत दिसली होती. बऱ्याचदा मागं एक पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडनं येणारा कमी दाबाचा पट्टा, असतो, तो इराण-पाकिस्तानवरनं पुढं सरकला की त्याच्या पाठीमागं वायव्येचं जोरदार वारं सुटतं आणि कोरड्या किनाऱ्यावरची माती उचलून समुद्रावर टाकतं. त्या आठवड्यात तसा एक विक्षोभ उत्तरेतनं गेलेला होताच.

मग मामांना काय सांगितलं

"मामा, उद्या नवीन डिपिंग घेऊ नका. द्राक्षं वेलीवरच राहू द्या. आधीचा माल आहे त्याला अकरा वाजता पश्चिमेचे आणि वायव्येचे पडदे सोडा, पूर्वेचे उघडे ठेवा, आणि सूर्य मावळला की सगळे उघडा."

मामांना पहिलं पटलं नाही. त्यांचं म्हणणं सकाळी जास्त दाट दिसतंय, वासही सकाळीच येतोय, मग सकाळी पडदे सोडायचे की दुपारी? प्रश्न बरोबर होता. सकाळचा धूर नाकाला आणि छातीला जास्त वाईट, पण त्याचे कण इतके बारीक की ते हवेत तरंगत राहतात, दोन-तीन तासात रॅकवर बसणारा थर नगण्य. दुपारची धूळ जाडी, ती बसते. मालासाठी दुपार, माणसासाठी सकाळ. मामींना दमा आहे, त्यांना म्हटलं ह्या दिवसात पहाटेचं फिरणं बंद, झाडलोट आणि चूल दहाच्या पुढं, बाहेर पडायचंच झालं तर नाकावर ओला पदर पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. खरं सांगायचं तर मला बेदाण्यापेक्षा ह्याचीच काळजी जास्त होती.

किती दिवस, ह्याचं उत्तर युरोपच्या कॉपर्निकस सेवेच्या अंदाजातनं घेतलं, ते पुढच्या पाच दिवसांची धूळ आणि धूर वेगवेगळे दाखवतात. त्यात दुसऱ्या दिवशी धूळ आमच्यावरच होती आणि तिसऱ्या दिवशी दुपारपासनं आग्नेयेला कर्नाटकात उतरून पातळ होत होती. असल्या अंदाजात तासांचा भरवसा धरायचा नाही, दिवसाचा धरायचा. मेटिओसॅटच्या चित्रात समुद्रावर मागं नवीन गुलाबी काही सुटत नव्हतं, त्यामुळं मला एका दिवसाचं थांबणं सांगायची हिंमत झाली. मागनं धूळ येतच राहिली असती तर मी टोळीची मजुरी बुडवायला सांगितलं नसतं.

टोळीचं काय हा खरा अवघड भाग होता. माणसं ठरलेली, गाडी ठरलेली. शेवटी मामांनी त्यांना परत पाठवलं नाही, आधीच्या वाळलेल्या मालाच्या झाडणीला आणि निवडायला लावलं, शेडच्या पूर्वेच्या खोलीत. हे त्यांच्या डोक्यातनं आलेलं, मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या आत आणि बाहेर पांढरी ताटं ठेवायला सांगितली होती. बाहेरच्या ताटावर संध्याकाळी बोट फिरवलं की पिठासारखी फिकट मातकट पूड, चिमटीत घासली की कणी लागत होती, काजळी नव्हती. आपल्या रानातली धूळ असती तर जास्त जाडी आणि काळपट-तांबडी असायला पाहिजे होती. पडद्याआडच्या ताटावर कमी होती, पण होती. ह्या ताटातली सगळी पूड लांबचीच असं मात्र म्हणता येत नाही, हायवेवरच्या गाड्या आणि उघडी रानं तीही त्यात भर घालतात, आणि एकदा खाली बसलेली धूळ कुठली किती हे सॅटेलाइट सांगू शकत नाही, त्याला माती तपासायला लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला डोंगर दिसायला लागला. धूळ गेली. त्याच्या पुढच्या सकाळी सातला मात्र परत जमिनीलगत पांढरा थर आणि परत तोच वास.

राहिलेला धूर

ग्रुपवर मी सगळी चित्रं वेळेसकट टाकली आणि लिहिलं की त्या वाडीचं नाव घेतलेले मेसेज काढा, त्यांच्या डोंगराचा धूर आपल्यापर्यंत आलेलाच नाही. एका ज्येष्ठ माणसानं लगेच काढले आणि बाकीच्यांनाही काढायला लावले. वणवा लावणं वाईटच, गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवायची समजूत अजून आहे आणि त्यात किती जीव जळतात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला तर ते फारच गंभीर. पण आपल्या शेडवरच्या धुळीसाठी त्यांना जबाबदार धरणं हा अन्याय होता.

आणि सकाळचा धूर आपलाच होता हे लिहिल्यावर ग्रुप थोडा वेळ गप्प झाला. शेडवाल्यांमधल्या बऱ्याच जणांचा ऊस पण आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, ते बारीक करायचं कुट्टीचं मशीन वेळेवर मिळत नाही, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या पिकाला) पाणी द्यायची घाई असते, ह्या अडचणी खऱ्या आहेत, त्या मला माहिती आहेत. एकानं एवढंच लिहिलं की निदान बेदाण्याच्या सीझनमध्ये शेडच्या आजूबाजूच्या रानात तरी पाचट सरीत दाबूया. दोघांनी होकार दिला, बाकीच्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. माझं म्हणणं मी तिथं स्पष्ट लिहिलंय की समुद्रापलीकडनं आलेली धूळ वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी येते आणि निघून जाते, हा धूर मार्चमध्ये रोज सकाळी आपल्या मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातोय, आणि तो सॅटेलाइटच्या ठिपक्यात दिसत नाही म्हणून सरकारी आकड्यात पण येत नाही.

आता ग्रुपवर एक पद्धत लागलीय, हवा धुरकट वाटली की सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सहाला एकाच जागेवरनं फोटो, खाली वास आहे की नाही एवढं एक वाक्य. जो फोटो काढेल त्यानं सूर्याच्या दिशेला तोंड करायचं नाही, कारण सूर्याकडं बघितलं की थोडी धूळही खूप दाट दिसते आणि पाठ करून बघितलं की तीच हवा स्वच्छ वाटते. मामांच्या शेडवरनं दंडोबा पश्चिमेला आहे, त्यामुळं तिथला संध्याकाळी सहाचा फोटो आता ते पूर्वेच्या पाण्याच्या टाकीकडं तोंड करून काढतात.